आधी हजार की नंतर हजार?
मुलांच्या थंडीतल्या सणा-समारंभांचा हिशेब

(बेंगळुरूतल्या मराठी खातेदारांच्या बैठकीत दिलेले व्याख्यान)



आज इथे नगरथपेठ आणि अव्हेन्यू रोडवरचे गलाई व्यवसायातले खातेदार आहेत, व्हाइटफील्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटीकडून आलेली नोकरदार जोडपी आहेत, आणि ज्यांच्या दोन-तीन पिढ्या याच शहरात वाढल्या अशी घरंही आहेत. मला विषय दिला आहे बचतीचा. पण बचत म्हटलं की माणसं घड्याळाकडे बघू लागतात. म्हणून मी मुलांच्या समारंभांबद्दल बोलणार आहे. बचत त्यातच येते.

दसरा झाला, दिवाळी तोंडावर आहे. दिवाळीचा खर्च आपण सगळे धरून चालतो. हिशेब चुकतो तो त्याच्या नंतरच्या तीन महिन्यांत. कार्तिकात बसवनगुडीची कडलेकायी परिषे येते, डिसेंबरात शाळेचा ख्रिसमसचा कार्यक्रम आणि त्याचा पोशाख येतो, मग नाताळची सुट्टी आणि गावाला जाणं. पाठोपाठ एकतीस डिसेंबर, मग संक्रांत, हळदीकुंकू आणि घरात लहान मूल असेल तर बोरन्हाण. मध्येच कुणाचा तरी वाढदिवस. यातला प्रत्येक खर्च एकेकटा बघितला तर लहान वाटतो. "दोन हजारांनी काय होतंय" असं म्हणून तो होतो. पण असे सहा-सात खर्च ओळीने येतात.

आणि त्यांच्यानंतर काय येतं? शाळेची फी. आपल्याकडे शाळा मेअखेर-जूनमध्ये सुरू होतात, पण बऱ्याच खाजगी शाळा पुढच्या वर्षाच्या फीचा पहिला हप्ता त्याच्या आधीच मागतात. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये काउंटरवर एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "मॅडम, एफडी मोडायची आहे, मुलाची फी भरायची आहे." मुदतीआधी ठेव मोडली की ठरलेला दर मिळत नाही. जितके दिवस ठेव राहिली तेवढ्या दिवसांचा दर लागतो आणि बहुतेक बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापतात. ती ठेव फीने मोडली असं आपण म्हणतो. पण फी तर दरवर्षी येते, तिची तारीखही माहीत असते. ठेव मोडण्याचं कारण बऱ्याचदा डिसेंबर-जानेवारीत घडून गेलेलं असतं.

मुलांचे समारंभ करू नका, असं मी सांगायला आलेले नाही. पहिलं बोरन्हाण एकदाच येतं. आणि आपण गावापासून दूर राहतो, तेव्हा असा एखादा दिवस घर भरून टाकतो. माझं सांगणं एवढंच आहे की समारंभाचे पैसे समारंभाच्या आधी बाजूला पडलेले असावेत, नंतर फेडायचे नसावेत. हे का, ते आकड्यांत बघू.

एकच रक्कम, दोन रस्ते

समजा, या मोसमात तुमच्या घरी मुलांच्या सगळ्या कार्यक्रमांना मिळून १२,००० रुपये लागतात.

पहिला रस्ता. तुम्ही वर्षभर दरमहा १,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकलेत. व्याजदर साडेसहा टक्के धरला तर बारा महिन्यांत साधारण ४२० रुपये व्याज मिळतं. म्हणजे कार्यक्रमाच्या वेळी हातात सुमारे १२,४२० रुपये.

दुसरा रस्ता. तुम्ही १२,००० रुपये क्रेडिट कार्डावर खर्च केलेत आणि नंतर दरमहा १,००० रुपये मुद्दल अधिक त्या महिन्याचं व्याज असं फेडलंत. कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के धरू. असे दर सर्रास आहेत, वर्षाचे ते ४२ टक्के होतात. पहिल्या महिन्यात १२,००० वर व्याज, दुसऱ्यात ११,००० वर, असं करत बारा महिन्यांचं व्याज होतं २,७३० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४९१ रुपये. बारा हजारांचा समारंभ पडला १५,२२१ रुपयांना.

दोन्हीकडे महिन्याला मुद्दलाचे हजारच रुपये गेले. आधी टाकले तर ४२० मिळाले, नंतर टाकले तर ३,२२१ गेले. फरक साडेतीन हजारांच्या वर. हिशेब ढोबळ आहे, तुमच्या बँकेच्या दराने आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण बाजू बदलणार नाही.

कार्डाबद्दल आणखी एक. बिलावर 'किमान देय रक्कम' लिहिलेली असते. तेवढी भरली की काम झालं, असं अनेकांना वाटतं. त्याने विलंब शुल्क टळतं, व्याज टळत नाही. उलट पूर्ण बिल न भरल्यामुळे पुढच्या नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे जानेवारीत घेतलेल्या दुधा-भाजीवरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

'शून्य टक्के हप्ता' या जाहिरातीचंही तेच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते प्रक्रिया शुल्काच्या आड लपलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. आणि मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपकडे वळायची वेळ आलीच, तर सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. सगळे खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो ते त्या एका कागदावर लिहिणं कर्ज देणाऱ्याला बंधनकारक आहे. जो तो कागद देत नाही, त्याच्याकडून पैसे घेऊ नका.

बोरन्हाणाचा कागद

आता प्रत्यक्ष नियोजन. उदाहरण बोरन्हाणाचंच घेऊ, कारण त्यात खर्चाचे सगळे प्रकार येतात.

बोरन्हाण म्हणजे मुळात काय? थंडीत बाजारात येणारी बोरं, उसाचे करवे, ओले हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, हलवा, रेवड्या हे सगळं पाटावर बसवलेल्या बाळाच्या डोक्यावरून ओतायचं आणि जमलेल्या मुलांनी ते लुटायचं. सगळं साहित्य मोसमातलं, म्हणजे स्वस्त असतानाचं. ही रीत गरिबाघरी आणि श्रीमंताघरी सारखीच होत आली ती यामुळेच. (जाता जाता, दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या हाती शेंगदाणे, हरभरे आणि गोळ्या लागू देऊ नका, घशात अडकतात.) खर्च वाढला तो नंतर भोवती जमलेल्या गोष्टींनी: हॉल, फुग्यांची कमान, फोटोग्राफर, छापलेले बॉक्स, भेटवस्तू.

एक कोरा कागद घ्या आणि वर एकूण आकडा लिहा. पाहुण्यांची यादी नंतर. आपण नेहमी उलट करतो, आधी नावं लिहितो आणि मग खर्च मोजतो. समजा आकडा लिहिला ६,००० रुपये. माणसं तीस, त्यात पंधरा मुलं आणि पंधरा बायका. त्याच दिवशी हळदीकुंकूही धरलं.

खाणं, माणशी ९० रुपये: २,७०० रुपये.
बोरन्हाणाचं साहित्य: ८०० रुपये.
काळा झबला आणि हलव्याचे दागिने: ९०० रुपये.
मुलांना भेट, प्रत्येकी ३० रुपये: ४५० रुपये.
हळदीकुंकवाचं वाण, प्रत्येकी ३० रुपये: ४५० रुपये.
राखीव: ७०० रुपये.

बेरीज बरोबर ६,०००. हे आकडे तुम्ही आपापल्या घराप्रमाणे बदला, पण कागदाची रचना तीच ठेवा. त्यात तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत.

पहिली. साहित्य, कपडे आणि दागिने यांचा खर्च माणसं वीस आली काय नि चाळीस आली काय, फारसा बदलत नाही. खाणं आणि भेट मात्र डोक्यामागे वाढतात. या कागदावर एक पाहुणा म्हणजे १२० रुपये. "अजून दहा जणांना बोलावू या" या वाक्याची किंमत १,२०० रुपये आहे. बोलवायचं तर जरूर बोलवा, पण किंमत माहीत असताना बोलवा.

दुसरी. राखीव रक्कम लिहिल्याशिवाय कागद पूर्ण समजू नका. कुणीतरी जास्त येतं, गॅस संपतो, रिक्षा करावी लागते. राखीव लिहिली नाही तर तो खर्च कार्डावर जातो.

तिसरी. काही गोष्टी विकत घ्यायच्याच असतात असं नाही. हलव्याचे दागिने इथे सहज मिळत नाहीत, पुण्याहून किंवा बेळगावहून मागवले तर पाठवणावळ वेगळी. ओळखीच्या घरात मागच्या वर्षीचा संच डब्यात जपून ठेवलेला असतो. तो मागण्यात कमीपणा काही नाही. पुढच्या वर्षी तुमचा संच दुसऱ्या बाळाच्या अंगावर जाईल.

तारीख आपल्या हातात आहे

वाढदिवसाची तारीख बदलत नाही, बोरन्हाणाची बदलते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणताही दिवस चालतो. ही मुदत कधी दहा-बारा दिवसांची असते, कधी महिनाभराची. सोसायटीचा हॉल रविवारी महाग आणि अडलेला असतो, मंगळवारी संध्याकाळी तोच स्वस्त किंवा मोकळा मिळतो. पगार महिनाअखेर होत असेल तर फेब्रुवारीतला दिवस धरा, पंचांगात बसत असेल तर.

दुसरं, एकट्याने करायचं बंधन नाही. बेंगळुरूच्या इमारतींत हे फार सोपं आहे. कन्नड घरांतही संक्रांतीला लहान मुलांच्या डोक्यावरून बोरं आणि उसाचे तुकडे ओततात. तेलुगू घरांत भोगीच्या दिवशी 'भोगी पळ्ळु' असतात. म्हणजे तुमच्या मजल्यावरच्या चार घरांत चार वेगवेगळ्या नावांनी जवळपास एकच गोष्ट चाललेली असते. चौघांनी मिळून एकाच संध्याकाळी केलं तर हॉल एक, सजावट एक, आणि मुलं कितीतरी जास्त. तिळगूळ आपला, एळ्ळु-बेल्ल त्यांचं. फक्त पैशाचं आधी लेखी ठरवा: कोण काय आणणार, किती द्यायचे, हिशेब कोण ठेवणार. हिशेब ठेवणाऱ्याने दुसऱ्या दिवशी ग्रुपवर बिलं टाकावीत. शेजार टिकवायचा तर हे करायलाच हवं.

वाढदिवस आणि परतभेट

डिसेंबर-जानेवारीत वाढदिवस असलेल्या मुलांच्या आई-वडिलांना एक वेगळा ताण असतो. वर्गातल्या कुणाचा तरी वाढदिवस मॉलमध्ये झालेला असतो, परतभेट चारशे रुपयांची मिळालेली असते. मुलगा घरी येऊन विचारतो, "माझा तिथे करायचा ना?" त्या प्रश्नापुढे आई-बाप हतबल होतात. इथे आजी-आजोबा जवळ नाहीत, आत्या-मामा नाहीत, म्हणून आपणच भरपूर करू या, असंही मनात येतं. हे मी समजू शकते.

पण मुलाला 'नाही' म्हणण्याच्या आधी एक करून बघा. मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर त्याला एकूण आकडा सांगा. "तुझ्या वाढदिवसाचे ३,००० रुपये आहेत. कसे खर्च करायचे ते आपण मिळून ठरवू." मग निवड त्याच्यासमोर ठेवा: वीस मित्र आणि साधी परतभेट, की पाच मित्र घेऊन कब्बन पार्कमध्ये बालभवन आणि मग डोसा? मोठा केक, की लहान केक आणि एक चांगलं पुस्तक? मुलं हा हिशेब चटकन करतात. आकडा लपवला तर मुलाला वाटतं की आई देत नाही. आकडा दाखवला तर तेच मूल त्यात काटछाट करायला लागतं. वर्षाला एकदा एवढं झालं तरी पैशाचं पहिलं शिक्षण घरातच होतं.

या शहरात थंडीच्या दिवसांत कमी खर्चाचे आनंद पुष्कळ आहेत. परिषेतल्या भाजलेल्या शेंगा आहेत, डिसेंबरातलं केकचं प्रदर्शन आहे, प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला लालबागचं पुष्पप्रदर्शन आहे. मित्रांना घेऊन तिथे जाणं हीसुद्धा पार्टीच.

आणि खरंच आजी-आजोबांची उणीव असेल तर तो पैसा हॉलला न देता तिकिटाला द्या. मिरज-सांगलीकडे, पुण्याकडे नाताळच्या आठवड्यात खाजगी बसचं भाडं किती चढतं हे तुम्ही अनुभवलं आहे. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे २४ डिसेंबरला निघायचं तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच तिकीट काढायला बसायचं. त्या वेळी खात्यात तिकिटाचे पैसे असणं, हेही नियोजनच.

पैसे कुठे ठेवायचे

या वर्षासाठी आता दोन-तीन महिनेच हातात आहेत. त्यासाठी मोठं काही लागत नाही. दिवाळीचा बोनस येईल, त्यातला ठरावीक भाग खरेदीला बाहेर पडण्याआधी बाजूला काढा. तो अशा बचत खात्यात ठेवा, ज्याला यूपीआय जोडलेलं नाही. फोनमधून दिसतो तो पैसा खर्च होतो. किंवा छोटी मुदत ठेव करा, बँकेत ती सात दिवसांपासून करता येते.

पुढच्या वर्षासाठी या जानेवारी-फेब्रुवारीतच आवर्ती ठेव सुरू करा, मुदत अशी धरा की ती डिसेंबरच्या सुरुवातीला किंवा संक्रांतीच्या आधी पूर्ण होईल. मुदत किती महिन्यांपासून मिळते ते आपापल्या बँकेत विचारा. हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप वळता होईल अशी सूचना द्या. पोस्टाची आवर्ती ठेव चांगली आहे, पण ती पाच वर्षांची असते. दरवर्षीच्या समारंभासाठी ती नाही, मोठ्या कामासाठी आहे.

गल्लीतली भिशी किंवा इथली 'चीटी' अनेकजण याच कामासाठी लावतात. ज्यांना ती लावायची आहे त्यांनी एवढं बघावं की चिट फंड १९८२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेला आहे का. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. ओळखीतल्या चीटीला ते नाही. चालवणारी व्यक्ती गाव सोडून गेली तर पैसे कुणाकडे मागणार?

आगाऊ रक्कम देताना

या दिवसांत सजावट, जादूचे प्रयोग, केक यांच्या जाहिराती फोनवर भरपूर येतात. फोटो सुंदर, दर अर्धा, आणि "आज अर्धी रक्कम पाठवा, तारीख राखून ठेवतो." पैसे गेले की नंबर बंद. म्हणून ओळखीतून किंवा प्रत्यक्ष दुकान बघून ठरवा, आगाऊ रक्कम कमीत कमी द्या, पावती घ्या, रद्द केलं तर किती परत मिळेल ते लिहून घ्या.

आणि हे पाठच करा: पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. "परतावा पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हणालं तर ते तुमच्या खात्यातून पैसे काढताहेत. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढे सरकण्याआधी थांबवण्याची शक्यता जास्त.

पाकिटांतले पैसे

शेवटचा मुद्दा. बोरन्हाणाला, वाढदिवसाला पाकिटं येतात. ती बहुतेक घरांत त्याच रात्री उघडली जातात आणि केटररच्या बिलात जातात. ते पैसे बाळाचे आहेत. ते बाळाच्या नावावर जाऊ द्या. मूल कितीही लहान असलं तरी पालकामार्फत त्याचं बचत खातं किंवा मुदत ठेव उघडता येते, आणि आईसुद्धा पालक म्हणून सही करू शकते. मूल दहा वर्षांचं झालं की बँकेच्या मर्यादेत ते स्वतः खातं चालवू शकतं. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं वर्षाला किमान २५० रुपयांत चालू राहतं. म्हणजे दोन-तीन पाकिटांत त्या वर्षाचा हप्ता भागतो. मूल कळतं झालं की पासबुक दाखवून सांगा, "ही नोंद तुझ्या बोरन्हाणाची."

तर घरी गेल्यावर चार कामं करा. या मोसमातले मुलांचे सगळे कार्यक्रम एका कागदावर तारखेनुसार लिहा. खाली एकूण आकडा लिहा. त्याच कागदावर शाळेच्या फीची तारीख आणि रक्कम लिहा, दोन्ही एकत्र दिसली पाहिजेत. आणि पुढच्या वर्षाच्या आवर्ती ठेवीसाठी शाखेत या. कागद घेऊन आलात तर हप्ता किती ठेवायचा ते आपण बसून काढू, त्याला पाच मिनिटं लागतात.

दिवाळीच्या आणि येणाऱ्या संक्रांतीच्या तुम्हा सर्वांना शुभेच्छा.